कानात सांगितलेलं नाव

"तब्येत एकदम मस्त आहे," योरिस फोनवर म्हणाला आणि त्याने आवंढा गिळला. ट्रॅमच्या दांड्याला धरून उभ्या असलेल्या मार्निक्सच्या मनात त्याच क्षणी आलं, मग एचानिस.

एवढंच आलं. पोराचा घसा धरलाय, अंगात कणकण असणार, काल आर्देनच्या डोंगरात भिजला असेल, त्या हॉटेलात कुणी त्याला गरम काही दिलं असेल का, हे सगळं नंतर आलं, शहाण्या मुलांसारखं एकामागोमाग एक. सगळ्यांच्या आधी धावत आलं ते त्या बास्क सायकलपटूचं, योरिस ढेपाळला तर आज जिंकेल त्याचं नाव. मार्निक्स फेरेकेला स्वतःचीच शिसारी आली. गेली कित्येक वर्षं तो गेंटच्या नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर कामाला होता, आणि रोज सकाळी पाण्याच्या जाळीत हात घालून लोकांच्या केसांचा गुंता बाहेर ओढायचा. त्या गुंत्याची त्याला कधी किळस वाटली नव्हती, तो परक्यांचा होता. हे जे आता मनातून वर आलं ते मात्र आपलंच होतं, आणि ते हातात घेऊन बघवत नव्हतं. समोरच्या बाकावरची बाई मुलाला केळं भरवत होती, त्या केळ्याच्या वासापासून त्याने तोंड वळवलं.

"बाबा, ऐकताय ना? पैसे लावलेत ना माझ्यावर?"

"लावले."

अजून लावले नव्हते. पण कॅफेत पोचल्यावर लावायचेच असतात, म्हणून हे खोटं आजवर कधी खोटं ठरलं नव्हतं. योरिस पहिल्यांदा शर्यतीत उतरला तेव्हा त्याचे पाय पेडलला जेमतेम पोचत होते आणि मार्निक्सने त्याच्या नावावर खिशातलं सगळ्यात लहान नाणं लावलं होतं, गंमत म्हणून. पोराने ते मनावर घेतलं. तेव्हापासून प्रत्येक शर्यतीच्या आधी तोच प्रश्न आणि तेच उत्तर. लोक सुरुवातीच्या रेषेवर छातीवर क्रूसाची खूण करतात, ह्याचं हे असं.

"मग झालं. आणि ऐका ना, वर घोळका सोडून कुठून निघू?"

आजची शर्यत सेंत-बार्बच्या चढावर संपत होती. तो चढ म्हणजे गावाच्या मागून सरळ आभाळात उभी केलेली गल्ली. मध्यावर एक चॅपल, छोटं प्रार्थनाघर, लागतं, तिथे रस्ता वळतो आणि वळल्यावर थोडा सपाट झाल्यासारखा वाटतो. वाटतो फक्त. त्या फसव्या तुकड्यावर जो जीव तोडून निघतो तो टीव्हीवर फार देखणा दिसतो आणि पुढे शाळेच्या भिंतीपाशी जागच्या जागी मरतो. खुद्द मार्निक्स तरुणपणी चॅपलपासून निघाला होता, आणि शाळेच्या भिंतीपाशी त्याला ओलांडून सहा-सात जण गेले होते. त्यातला एक जाता जाता थुंकला होता, मुद्दाम नव्हे, दम लागल्यावर थुंकतात तसा, पण ती थुंकी त्याच्या गुडघ्यावर पडली होती. योरिसला त्याने जन्मभर एकच शिकवलं होतं: चॅपल विसर, भिंत संपेपर्यंत दुसऱ्याच्या चाकामागे बस. आणि आज सकाळी ट्रॅमच्या खडखडाटात, गिळलेला तो आवंढा ऐकल्यावर, तो म्हणाला, "चॅपलपासून."

"चॅपलपासून?" योरिस थांबला. मग हसला. "बरं. तुम्ही म्हणताय ना. चॅपलपासून."

याला कारण होतं. कारण नव्हतं असं कोण म्हणेल? आजारी माणसाच्या पायात शेवटच्या झटक्याची ताकद नसते, त्याने चाकामागे बसून काय करायचं? त्याच्याकडे एकच गोष्ट उरते, कुणाच्या ध्यानीमनी नसताना निघायचं. कुठलाही जाणता हेच म्हणाला असता. आणि योरिसला आज काहीतरी करून दाखवायलाच हवं होतं. संघाने पुढच्या वर्षीचा करार अडकवून ठेवला होता, मॅनेजरने स्पष्ट सांगितलं होतं, सेंत-बार्बवर पहिल्या तिघांत ये, नाहीतर दुसरीकडे बघ. दुसरीकडे म्हणजे मामाच्या फरशीच्या दुकानात. तेव्हा कारण पक्कं होतं, आठ बाजूंनी तपासलं तरी पक्कं. फक्त ते कारण आधी सुचलं की "चॅपलपासून" हा शब्द आधी बाहेर पडला, हे मार्निक्सला आठवत नव्हतं. उतरायच्या थांब्यापर्यंत तो तेच आठवत राहिला. जिभेवरून पुन्हा पुन्हा तो शब्द फिरवून बघितला, दातात अडकलेलं काहीतरी जिभेने चाचपावं तसा, आणि तोंडाला घाण चव आली.

'दे झ्वान' कॅफे योरिसच्या चाहत्यांचा. दारातच पुठ्ठ्याचा योरिस उभा, खराखुरा वाटेल एवढा उंच, हात वर केलेला. त्या वर केलेल्या हातावर लोक ओले कोट आणि छत्र्या अडकवतात. आज तिथे कुणाचीतरी टोपीसुद्धा होती, पाणी गळून पुठ्ठ्याचं कोपर फुगलं होतं. आत चीजच्या फोडी, मोहरी, तळणीचं तेल आणि ओल्या लोकरीचा मिळून एक वास होता. इतकी वर्षं मार्निक्सला तो आपल्या घरासारखा वाटायचा, आणि आज तो वास त्याच्या तोंडावर येऊन बसला.

"आले, आले! दैवज्ञ आले!" एतिएन ओरडला. एतिएन बेकरीवाला, चाहत्यांच्या मंडळाचा अध्यक्ष, गळ्यात योरिसच्या नावाचा पिवळा मफलर. "बोल, पोराशी बोलणं झालं? काय खाल्लं त्याने सकाळी?"

"भात."

"किती?"

"मी काय त्याच्या ताटात डोकावलो?"

"अरे, सांग की! शौचाला झालं का नीट? हसू नका रे, गंभीर गोष्ट आहे. पोट साफ असलं की माणूस अर्धा किलो हलका चढतो."

सगळे हसले. मग नेहमीचं सुरू झालं. कोणाच्या मांड्या उतरल्यात, कोणाचं पाठीचं दुखणं परत आलंय, तो नॉर्वेचा कसा सुकलाय, गाल बघितलेस का त्याचे, तो इटालियन लग्नानंतर कसा सुटलाय. बाजारात गुराचं तोंड फाकवून दात बघावेत तसं. आणि या सगळ्यांना हे कोणी शिकवलं? मार्निक्सने. कोपर बाहेर पडलं की गडी संपला, मान वाकडी झाली की अजून दोन वळणं, ओठ चाटायला लागला की पाणी संपलंय, हे सगळं त्याचं. दिवसभर तलावाच्या काठावर बसून उघडी अंगं बघायचं काम, त्याला माणसाच्या चालण्यावरून त्याचा कुठला गुडघा दुखतो ते कळायचं. आधी त्याचा अभिमान होता. बायकोने, आनमीने, एकदा त्याला म्हटलं होतं, "मी झोपेत कूस बदलली तरी तू माझ्याकडे असा बघतोस जसा काही मी शेवटून तिसरी येणार आहे." योरिसची शर्यत असली की आनमी टीव्ही लावत नाही, इस्त्री करत बसते. कपडे संपले की इस्त्री केलेलेच परत काढते.

बारमागे लिव्हीन उभी होती. सत्तरी ओलांडलेली, पाठ ताठ, कानात लहान मोत्याच्या कुड्या. पैज तिच्याकडे लागायची आणि ती काहीही लिहून ठेवायची नाही. एकेकाने यायचं, बारवर वाकून तिच्या कानात नाव सांगायचं. एका माणसाला एकच नाव, एकदा तोंडातून गेलं की गेलं. कोणी कोणाचं नाव सांगितलं ते कुणालाच कळायचं नाही, लिव्हीनच्या पोटातून आजवर काही बाहेर पडलं नव्हतं. कळायचं ते शेवटी. ज्याचं नाव बरोबर निघालं त्याने बारवर टांगलेल्या पितळी घंटेचा दोर ओढायचा आणि सगळ्यांना बिअर पाजायची. घंटा वाजवल्याशिवाय लिव्हीन पैसे देत नाही, आणि न मागितलेले पैसे मुकाट पुढच्या शर्यतीत जमा होतात. घंटेची बिअर कुणी नाकारत नाही. मार्निक्सच्या अंदाजावर इथल्या प्रत्येकाने ती घंटा वाजवली होती, एतिएनने तर इतक्यांदा की दोराला त्याच्या हाताचं पीठ लागलंय असं लोक म्हणत. मार्निक्सने एकदाही नाही. तो दरवेळी योरिसचंच नाव सांगायचा आणि योरिस कधीच मोठी शर्यत जिंकायचा नाही. खरं नाव तो दुसऱ्यांना वाटून टाकायचा आणि मग कोपऱ्यात बसून त्यांनी वाजवलेली घंटा ऐकायचा.

"बोल," लिव्हीन म्हणाली आणि तिने कान पुढे केला.

तो योरिस म्हणणार होता. याबद्दल त्याच्या मनात तेव्हाही शंका नव्हती, नंतरही नव्हती. 'यो'साठी ओठ गोल झालेसुद्धा होते. पण माहीत असलेली गोष्ट पोटात ठेवणं किती कठीण असतं! लोकांना वाटतं पैशाचा मोह. पैसे गेले खड्ड्यात. अडलेला ढेकर जसा दाबला तरी वर येतोच, चार माणसांत, लाज आणत, तसं ते नाव वर आलं. तिच्या कानाजवळ साबणाचा वास येत होता, कुडीचा मोती थोडा पिवळा पडलेला त्याला दिसला, आणि त्याने स्वतःचाच आवाज ऐकला, "एचानिस."

लिव्हीनची पापणी हलली नाही. तिने हातातला ग्लास पुसून संपवला.

"झालं," ती म्हणाली. मग, "आनमी कशी आहे?"

"बरी आहे. इस्त्री करतेय."

तो आपल्या जागेवर जाऊन बसला, योरिसच्या फोटोखाली. फोटोत योरिस चौदा वर्षांचा, गालावर चिखल, दात दाखवत हसतोय. शेजाऱ्याने चीजची बशी पुढे सरकवली. फोडींना घाम सुटला होता. मार्निक्सने एक फोड तोंडात टाकली आणि ती गिळवेना, म्हणून तोंडातच धरून बसला. आपण कोणाचंही काही वाईट केलेलं नाही, तो स्वतःला समजावत होता. कॅफेत कानात नाव सांगितल्याने डोंगरावर कोणाचं चाक अडत नाही. योरिस पडणार असेल तर पडेल, चढणार असेल तर चढेल. पण मग "चॅपलपासून"? ते तर फोनवरून डोंगरापर्यंत पोचलं होतं. ते तर आता पोराच्या डोक्यात बसून चढ चढत होतं. त्याला फोन करावा का? सांगावं, नको, भिंत संपेपर्यंत थांब? पण शर्यत सुरू होऊन किती तरी वेळ झाला होता, आणि मुख्य म्हणजे, हे पुन्हा तपासताना त्याला कळलं की फोन करता येत नाही याचं आपल्याला बरं वाटतंय. त्याने चीजची फोड कागदी रुमालात थुंकली.

"काय रे, मळमळतंय?" एतिएन म्हणाला. "बापाचं काळीज आहे. लिव्हीनबाई, याला कडू काहीतरी द्या!"

शेवटच्या चढाला सुरुवात झाली तेव्हा कॅफे उभा राहिला. मार्निक्स बसूनच होता, माणसांच्या कुल्ल्यांमधून त्याला टीव्हीचा तुकडा दिसत होता. पुढच्या घोळक्यात वीसेक जण. योरिस होता. एचानिस त्याच्या मागे, लहानखुरा, तोंड मिटलेलं, नाकाने श्वास घेत. योरिसचं तोंड उघडं होतं. बाकी कोणालाच ते दिसलं नाही, बाकीचे मफलर फिरवत होते. चॅपल आलं. त्या दगडी चॅपलच्या पायरीवर कुणी म्हातारी छत्री घेऊन बसली होती. वळणावर सगळे एकमेकांकडे बघत असताना पिवळ्या हेल्मेटमधलं ते एक पोर सीटवरून उठलं आणि निघालं.

"योरिस! अरे, योरिस निघाला! चॅपलपासून निघाला!"

"वेडा आहे का हा?"

"अरे, कुणी हलत नाहीये मागचं! बघा, बघा, कुणी हलत नाहीये!"

खरंच कोणी हललं नाही. अंतर वाढलं. फसव्या सपाट तुकड्यावर योरिस एकटा, दोन्ही बाजूंना माणसं, तो फार देखणा दिसत होता. माझा पोरगा. एतिएन टेबलावर चढला होता. सगळा कॅफे पाय आपटत होता, जणू प्रत्येकाच्या पायाखाली पेडल आहे, ओरडून ओरडून ते त्याला वर ढकलत होते. मार्निक्सही ओरडत होता, तोंड उघडं होतं, त्यातून योरिसचं नाव निघत होतं. आणि मग त्याची नजर खाली गेली. टेबलाखाली, मांड्यांवर, त्याचे दोन्ही हात होते. दोन्ही हातांची दोन-दोन बोटं वाकून घट्ट आवळली गेली होती. तो ब्रेक दाबत होता.

बोटं सोडवायला त्याला वेळ लागला. ती त्याची वाटतच नव्हती. वर पाहिलं तेव्हा शाळेची भिंत आली होती आणि योरिसचं उजवं कोपर बाहेर पडलं होतं. त्याने पुढचं बघितलंच नाही. बघायची गरज नव्हती. कॅफेचा आवाज आधी चढला, मग तुटला, मग एक लांब "आऽऽ" असा खाली उतरत गेला, चाकातली हवा जावी तसा. एकाने ओलांडलं, मग तिघांनी, मग बऱ्याच जणांनी. शेवटी कोण जिंकलं ते निवेदक ओरडून सांगत होता. लहानखुरा बास्क, तोंड मिटलेला.

"एचानिस," एतिएन टेबलावरून उतरत म्हणाला. "च्यायला. एचानिस. त्याचं नाव कुणाच्या डोक्यात होतं?" त्याने आजूबाजूला पाहिलं. "कुणीच नाही? बरं झालं. आज घंटा नको. आज या कॅफेत कुणी घंटा वाजवली असती तर मी त्याचं थोबाड फोडलं असतं."

लोक पुन्हा बसले. कुणी मार्निक्सच्या खांद्यावर हात ठेवला, कुणी बिअर आणून ठेवली. "धीराचा आहे रे तुझा," कोणी म्हणालं. "निदान निघाला तरी. बाकीचे शेळपट." त्यांच्या हाताची ऊब शर्टातून आत येत होती आणि प्रत्येक हाताबरोबर तो खुर्चीत आणखी आक्रसत होता. लिव्हीन बारमागे ग्लास पुसत होती. तिने एकदाच त्याच्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. त्या बघण्यात काही नव्हतं, रागही नव्हता. त्याला कळलं की काहीच करायचं नाहीये. फक्त बसून राहायचं. न मागितलेले पैसे पुढच्या शर्यतीत जातील, लिव्हीन ते नाव आपल्याबरोबर मातीत नेईल, आणि तो इथे दर शर्यतीला पोराच्या फोटोखाली बसेल, लोक त्याच्या खांद्यावर हात ठेवतील. इतकं सोपं होतं ते.

फोन वाजला. योरिसचा होता. "त्याला सांग, आम्हाला त्याचा अभिमान आहे!" एतिएन ओरडला. मार्निक्स उठून बारच्या टोकाला, भिंतीपाशी गेला.

"बाबा." आवाज पार बसला होता.

"बोल रे."

"गेलो चॅपलपासून."

"पाहिलं."

"वाटलं होतं, पोचतो. शपथ, बाबा, एक क्षण वाटलं होतं." तो खोकला. "घसा सकाळपासूनच गेला होता. तुम्हाला मुद्दाम नाही सांगितलं. म्हटलं, सांगितलं तर तुम्ही थांब म्हणाल, आणि माझा धीर सुटेल."

मार्निक्सने भिंतीला खांदा टेकवला.

"मॅनेजर येऊन गेला. नाही म्हणाला. पुढच्या वर्षी नाही." त्याने तोंडाने श्वास घेतला. "ते जाऊ दे. बाबा, तुमचे पैसे बुडवले मी. दरवेळी बुडवतो. तरी तुम्ही आपले दरवेळी लावताच."

असू दे रे, असं म्हणायचं असतं. ते म्हणायला काही लागत नाही, ते तोंडात तयारच असतं. मार्निक्सने तोंड उघडलं, आणि आता आपण ते म्हणणार, आणि ते म्हटलं की मग मरेपर्यंत म्हणत राहणार, हे त्याला इतकं स्वच्छ दिसलं की त्याने तोंड मिटलं. दोर त्याच्या हाताशी होता. खाली गाठ मारलेला, लोकांच्या हातांनी काळा पडलेला, चिकट. इतकी वर्षं त्याने तो दुरूनच पाहिला होता.

"मार्निक्स," लिव्हीन अगदी हळू म्हणाली. "राहू दे."

त्याने दोर ओढला.

आवाज वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. माना वळल्या, आधी एकमेकांकडे, मग बारकडे. एतिएन अर्धा उठला होता, मुठी आवळून, आणि दोर कोणाच्या हातात आहे ते दिसल्यावर तसाच अर्धा उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट निघून जाताना मार्निक्सला दिसली. हे वाचायलाही तो शिकलेला होता.

फोन कानालाच होता. योरिस या कॅफेत वाढला होता, या घंटेजवळच्या टेबलावर त्याने शाळेचा अभ्यास केला होता.

"घंटा ना ही?" तो म्हणाला. त्या बसलेल्या आवाजातही त्याला थोडं कुतूहल वाटलेलं कळत होतं. "कोणाला लागली, बाबा?"

"मला," मार्निक्स म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

पलीकडून आवंढा गिळल्याचा आवाज आला, सकाळी आला होता तसाच, आणि या वेळी मार्निक्सच्या मनात कोणाचंही नाव आलं नाही. फोन बंद झाला.

लिव्हीनने फळीवरचे ग्लास एकेक करून खाली काढले आणि बिअरचा नळ सोडला. घंटा झाली होती, भरावेच लागणार होते.